रघुनाथच्या नावाची मूठ

श्रावणातल्या चिखलात खानदेशात कोण फिरायला जातं, असं घरच्यांनी विचारलं होतं. पण माझ्यासोबत शाळेत शिकवणारा रघुनाथ कानबाईच्या सणाला गावी निघाला आणि मीही पिशवी भरली. कानबाई म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी. गंमत अशी की रघुनाथने गेल्या वर्षी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलाय. श्रीकृष्णाशिवाय दुसऱ्या दैवतापुढे तो हात जोडत नाही, दुसऱ्याचा प्रसादही घेत नाही. मग देवीच्या सणाला कशाला चालला? विचारलं तर म्हणाला, "मायचा सण आहे." माझं काही एवढ्यावर समाधान होईना.

नंदुरबारला उतरलो तेव्हा इंजिनाच्या कोळशाने दोघांची तोंडं काळी झाली होती. महाराष्ट्र होऊन फार दिवस झालेले नाहीत. स्टेशनावरचा चहावाला माझ्याशी आधी गुजराती बोलला, मग हिंदी, आणि रघुनाथशी अहिराणी. रघुनाथच्या गावाच्या, कोरीटच्या वाटेवर बैलगाडी रुतली. ती ढकलताना मी गुडघ्यापर्यंत काळ्या मातीत गेलो आणि एक वहाण तिथेच ठेवून आलो.

घरी रोटांसाठी (कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या) गहू मोजणं चाललं होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. ते रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. रघुनाथचे वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. हा कारभार बायकांचा. माय एकेक नाव घेत मूठ टाकत होती. रघुनाथचं नाव आलं तशी मोठी काकू म्हणाली, "तो खाणार नही, मंग त्यानी मूठ कसाले?"

मायचा हात थांबला. मूठ टाकली नाही तर पोरगा घरातून वजा. टाकली तर तो खाणार नाही, आणि रोट उरून चालत नाही. रघुनाथ दारातच उभा होता, त्याचा चेहरा उतरला.

"माय, तुले जसं वाटी तसं कर," तो एवढंच म्हणाला.

"तो मन्हा घरमा शे नं?" माय काकूला म्हणाली. "मंग मूठ बी शे. त्याना वाटाना रोट मी खासू."

आणि गहू सुपात पडले.

रविवारी नारळाची कानबाई नटूनथटून बसली. चुलीवर खीर, पुरण, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी. नैवेद्याचं ताट भरण्याआधी मायने प्रत्येक पातेल्यातून थोडंथोडं काढून बाजूला झाकून ठेवलं. काकूने कपाळाला हात लावला. "देवीना आगोदर पोरले?"

"ती बी माय शे. समजी लेई," माय मागे न बघताच म्हणाली.

पंगतीत मी उत्साहाने रोटासाठी ताट पुढे केलं आणि माझी फजिती झाली. "भाऊ, ते तुमनं नही," म्हणत मायने हसत मला रघुनाथशेजारी बसवलं. आम्ही दोघं बिनरोटाचे, एक परका आणि एक घरचा. खीर मात्र पोटभर मिळाली.

सोमवारी देवी डोक्यावर घेऊन माय डफाच्या तालावर नाचत विसर्जनाला पाण्यावर निघाली. रघुनाथने हात जोडले नाहीत. मायच्या वहाणा हातात धरून तो शेवटपर्यंत काठावर उभा राहिला.

निघताना मायने फडक्यात शिदोरी बांधली आणि मला बाजूला घेतलं. "भाऊ, याम्हा देवीनं काहीच नही. तो इचारणार नही. तुम्हीच त्याले सांगा."

गाडीत बोलण्याच्या नादात मी ते साफ विसरलो. आठवलं तोवर रघुनाथची निम्मी भाकरी संपली होती. मी घाईघाईने निरोप सांगितला. त्याने माझ्याकडे जरा नवलानेच पाहिलं.

"मायने बांधलंय," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

आता मी पुण्यात आहे आणि पौर्णिमा अजून यायची आहे. रघुनाथ शाळेत नेहमीसारखा गणित शिकवतो. मी मात्र जेवायला बसलो की मला कोरीटचं ते स्वयंपाकघर आठवतं. कडक झालेला रोट दुधात भिजवून माय पोराच्या वाट्याचं खात असेल.