आधी मागची बाजू

सगळा दोष प्रभाकरकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी माझ्याकडे बघायला नको.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या रविवारच्या बैठकीचे किस्से कूलरच्या टाकीतल्या क्षारासारखे साचतात. रोज दिसत नाहीत, पण एखाद्या दिवशी झाकण उघडावं तर थरच्या थर! कॉलेजचा जुना मित्र भेटतो, "इंजिनीअरिंग सोडून सध्या काय करून राहिला बे?" विचारतो. मी यातलाच एक थर खरवडून त्याच्या हातात देतो. पुढचं तो विचारत नाही.

प्रभाकरकाका वीज खात्यातून रिटायर झालेले. मुलगा अमेरिकेत. बापानं म्हातारपणी नाट्यसंगीत ऐकावं म्हणून त्यानं रेकॉर्ड प्लेअर पाठवला, आणि खोक्यात त्याच्या मित्राच्या बँडचं एक सिंगल टाकलं. सिंगल म्हणजे नाश्त्याच्या प्लेटएवढी तबकडी, एका बाजूला एक गाणं. काकांनी नाट्यसंगीत एकदा ऐकलं. सिंगल आठवडाभर वाजवलं. तेव्हापासून जगभरातली चिल्लर लेबलं, म्हणजे कोणी दोन जणं स्वयंपाकघरात बसून चालवतात ती, त्यांच्याकडून काका सिंगलं मागवतात. बँड जितका अनोळखी तितका काकांचा रक्तदाब चांगला.

काकांच्या घरी ही सिंगलं ऐकायच्या बैठकीत आम्ही चौघं. काका. नरखेडकडचे बंडूभाऊ, संत्र्याची बाग सोडून दर रविवारी मोटरसायकलवर येतात. सक्करदऱ्याची अश्विनी, मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आणि गच्चीवर ड्रम वाजवते. आणि मी, गिटार. अश्विनीचा आणि माझा दोघांचा बँड आहे. मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: या बँडचं एक सिंगल. डिग्री नको, नोकरी नको, नाश्त्याच्या प्लेटएवढी एक तबकडी.

काकांनी जन्मभर नियम राबवले, म्हणून इथंही नियम. पार्सल काकाच उघडणार. बँडचं नाव कोणी बघायचं नाही, कव्हर काकूंच्या पोळ्यांच्या डब्याखाली. आणि आधी मागची बाजू वाजवायची.

"पुढच्या बाजूले सगळेच पावडर लावून बसतात," काका म्हणतात. "घर कसं हाय ते मागच्या अंगणात गेल्यावर समजते."

गाणं वाजत असतानाच मत द्यायचं आणि ते तिथल्या तिथं लेबलच्या नंबरवर व्हॉइस मेसेजनं पाठवायचं. परदेशी लेबलला काकांच्या इंग्रजीत, देशी लेबलला आपल्या नागपुरी हिंदीत. (इथं मी सगळं मराठीत करून सांगतोय.)

"मत गरम असताना पाठवा. थंडं झालं का त्याच्यात सभ्यपणा येते," इति काका.

मत द्यायला बहुतेक मीच. काका फोन माझ्या तोंडासमोर धरतात. "बोल बे निखिल, सोडू नको!" अख्ख्या नागपुरात मला शिव्या देऊ नको म्हणणारे म्हातारे ढीगभर. दे म्हणणारा हा एकच.

*

सिंगलच्या मधलं भोक मोठं असतं. त्यात बसवायला एक चकती लागते. ती काकांनी पहिल्याच आठवड्यात हरवली.

"कायले विकत घ्याची? मी बनवतो!"

चूर्णाच्या डबीचं झाकण घेतलं, स्वतः ड्रिल चालवून भोक पाडलं. भोक मधोमध सोडून कुठंही होतं. मग तबकडी फिरायची ती बारशाच्या पाळण्यासारखी झोके घेत, आणि सूर वर-खाली, वर-खाली.

आम्हाला काय माहीत! काकांनी डोळे मिटले. "काय मींड घेऊन राहिलं हे पोरगं! सुरावरून सुरावर कसं घसरते पाहा!"

पुढच्या रविवारी कॅनडाचा बँड. तोही मींड घेणारा. त्याच्या पुढच्या रविवारी इंडोनेशियाचा एक पियानोवाला. पियानोतूनही मींड!

"पियानोवर मींड!" काकांच्या डोळ्यांत पाणी. "हे आपल्या लोकायले जन्मात जमलं नसतं!"

अश्विनीनं हलणाऱ्या सुईकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं आणि पुढच्या वेळी खरी चकती घेऊन आली. जगातले सगळे बँड एका दिवसात सरळ झाले. काका दिवसभर उदास. "आता पहिल्यासारखे बँड नाई राहिले."

तोवर त्या पियानोवाल्याला कौतुकाचा मेसेज गेला होता. त्यानं विचारलं, मींड म्हणजे काय, शिकवाल का?

काका त्याला फोनवर शिकवतात. अजून शिकवतात!

*

माझे बाबा गणिताचे मास्तर. मुलगा रविवारी जातो कुठं हे बघायला एकदा आले. काकांनी खुर्ची दिली, काकूंनी चहा दिला, आणि काकांनी नेमकं असं सिंगल लावलं की ज्यात पोरं पत्र्याचं पिंप घासतात.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून शोकसभेसारखे शेवटपर्यंत बसले. मग उठून म्हणाले, "प्रभाकरराव, तुमचा व्यासंग दांडगा आहे."

जिना उतरताना माझ्याकडे वळले. "ही थेरं बंद कर."

खोली तीच, पिंप तेच. पेन्शन चालू असली की व्यासंग, नसली की थेरं!

*

काही तबकड्यांची शेवटची खाच गोल बंद केलेली असते. गाणं संपलं तरी सुई तिथंच फिरत राहते, टक... टक... टक... कोणीतरी उचलेपर्यंत.

बंगळुरूच्या एका छोट्या लेबलचं असं सिंगल आलं होतं. गाणं संपायच्या आत आम्ही तिघं खाली तर्री-पोहे खायला पळालो. बंडूभाऊंचा उपास, ते वरच बसले. पोहे झाले, चहा झाला, चौकात एकाचं भांडण चाललं होतं तेही पूर्ण बघून झालं. वर आलो तर बंडूभाऊ डोळे मिटून डोलतायत. टक... टक... टक...

मी सुई उचलायला गेलो.

"हात नको लावू बे! आता कुठं रंगून राहिलं!"

"भाऊ, गाणं केव्हाचं संपलं."

"ते संपलं म्हणूनच तर हे सुरू झालं ना गा!"

आणि फोन ओढून त्यांनी स्वतःच मत पाठवलं. "पहिलं गाणं ठीक आहे. त्याच्यानंतरचं जे शांत गाणं आहे ना, त्याच्यात वजन आहे. आम्ही खूप वेळ ऐकलं."

लेबलवाल्याचं उत्तर आलं, की इतक्या मन लावून ऐकणारी माणसं त्याला अख्ख्या देशात भेटली नाहीत. तुमच्यातलं कोणी वाजवतं का?

मी त्याच दिवशी आमची दोन गाणी पाठवली. तो म्हणाला, काढू सिंगल! अश्विनी मेडिकलच्या काउंटरवर एवढ्या जोरात ओरडली की गिऱ्हाइकाला वाटलं औषध एक्सपायर झालंय.

म्हणजे माझ्या करिअरचा पाया म्हणजे बंडूभाऊंची टकटक. काका आजही म्हणतात, "माझ्या प्लेअरमुळे झालं." बंडूभाऊ म्हणतात, "माझ्या उपासामुळे." गाणी आम्ही केली होती हे कोणाच्या लक्षात नाही.

*

बंडूभाऊंच्या बागेत रानडुकरं यायची. फटाके झाले, कुत्री झाली, डुकरं ढिम्म. काकांनी तोडगा काढला. फिनलंडच्या एका बँडचं सिंगल, आमच्या संग्रहातलं सगळ्यात कर्कश, फोनवर उतरवून दिलं. "लाऊडस्पीकरवर लाव. एक डुक्कर राहाचं नाई."

पुढच्या रविवारी बंडूभाऊ तोंड पाडून आले.

"काय झालं? पळाली?"

"मजूर पळाले."

"आन् डुकरं?"

"डुकरं हायेत ना. बसून ऐकतात."

काका गंभीरपणे म्हणाले, "कोणती बाजू लावली होती?"

"पुढची."

"मंग बरोबर. मागची लावून पाहा."

*

मे महिन्यात बंडूभाऊंनी एक सिंगल मोटरसायकलच्या डिकीत ठेवलं आणि गाडी उन्हात लावून लग्नाला जेवायला गेले. नागपूरचं ऊन! जेवून आले तोवर तबकडीची वाटी झाली होती. सुबक, कडेला झालर असलेली.

काकांना रडू यायचं बाकी होतं. काकूंनी ती उचलली, फिरवून बघितली आणि तिच्यात चिवडा काढला. शेजारच्या बाईंना एवढी आवडली की त्या "कुठून आणली वं?" विचारून घरीच घेऊन गेल्या.

काका दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात. "वहिनी, वाटी ठेवा तुम्ही. फक्त एकदा बुडाचा भाग द्या, तेवढा वाजते का पाहतो."

त्या बाईंनी दार लावून घेतलं. काकू मात्र खूश होत्या. "एवढ्या वर्षांत तुमच्या गाण्याची कोणाले तरी पहिल्यांदा गरज पडली!"

*

आता आमच्या सिंगलचं.

सगळ्या प्रती छापण्याआधी कारखाना एक नमुना काढतो. पांढरं कोरं लेबल, ना नाव ना गाव. बँडनं तो ऐकायचा, "हो" म्हणायचं, की मग बाकीच्या छापतात. लेबलवाला म्हणाला होता, नमुना पुढच्या महिन्यात येईल. नाव-पत्ता मी काकांचा दिला होता, कारण आमच्या घरी आलेलं पार्सल बाबा दारातूनच परत पाठवतात.

नमुना लवकर आला. काकांनी नियमाप्रमाणे उघडला. कोणाला बोलले नाहीत.

रविवारी मी पोचलो तर काका हरखलेले. सकाळी त्यांना कधी नव्हे ते नाट्यसंगीताची लहर आली होती, मोठी तबकडी नुकतीच उतरवली होती. "निखिल, आज डब्याखाली काही लपवाची गरजच नाई! लेबलवरच काही नाई लिहिलं! असा बँड आपल्याले कधी भेटला नव्हता!"

मागची बाजू लावली. आमच्याही मागच्या बाजूला शब्द नाहीत हो. नुसती गिटार, ड्रम आणि मागून मी ओरडतो. पण मी तेव्हा ऐकत होतो ते भलतंच काहीतरी. चिखलातून ट्रॅक्टर ओढावा तसं. मधूनच कोणीतरी म्हातारा रेकल्यासारखा आवाज.

बंडूभाऊ म्हणाले, "याले काही दुखून राहिलं काय?"

काकांनी फोन माझ्यासमोर धरला. "बोल बे, सोडू नको!"

मी सोडलं नाही.

"मागून रेकतोय त्याला आधी कोणीतरी पाणी पाजा. गिटारवाला गिटार वाजवतोय की दुकानाचं शटर ओढतोय? ड्रमवाला त्यातल्या त्यात बरा आहे, त्यानं बिचाऱ्यानं वेळेत दुसरा बँड बघावा. आणि छापणाऱ्याला एकच विनंती. छपाई थांबव भाऊ, प्लास्टिक वाचेल."

"वा!" काका म्हणाले. "आजवरचं सगळ्यात चांगलं मत!" आणि पार्सलवरच्या नंबरवर पाठवायला अंगठा दाबला. गेलं.

तेवढ्यात अश्विनी दुकानातून आली. चप्पल काढता काढता थांबली. मान तिरपी करून ऐकलं. मग सरळ प्लेअरपाशी गेली. त्याला बाजूला एक खटका असतो, मोठी तबकडी सावकाश फिरते, सिंगल जोरात. तिनं खटका सिंगलवर ढकलला.

ट्रॅक्टर चिखलातून उसळून बाहेर आला. म्हातारा एका क्षणात तरुण झाला.

फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या.

बंडूभाऊ म्हणाले, "आता बरं वाटून राहिलं गा याले."

अश्विनीनं काकांच्या हातातून फोन घेतला आणि माझं मत ऐकलं. पूर्ण. मग परत पहिल्यापासून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लेबलवाल्याचा मेसेज आला. "निखिल, आवाज ओळखला. स्वतःच्या कामाबद्दल इतकं निर्दय बोलणारा कलाकार मी पाहिला नाही. तुझ्या मताचा आदर आहे. छपाई थांबवली."

मी फोन करून खरं काय ते सांगितलं. तो इतका हसला की त्याला फोन ठेवावा लागला. परत फोन आला तेव्हा म्हणाला, कारखान्यातली पाळी दुसऱ्या बँडला देऊन टाकली, परत पाळी घ्यायला पैसे नाहीत.

मी काकांकडे गेलो. बोलायचं ते सगळं बोललो, वयाचा मान न ठेवता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण निखिल," ते म्हणाले, "मत पुढच्या बाजूचं थोडीच होतं बे?"

सिंगल निघालं नाही. अश्विनी आता दुसऱ्या बँडमध्ये वाजवते.