डावा आरसा

आमच्या मोटरसायकलचा डावा आरसा पस्तीस ते पन्नास या वेगात थरथरायचा. तिसाच्या आत तो शांत असे. पन्नासच्या वर गेलं की पुन्हा बराचसा शांत. मधल्या पट्ट्यात मात्र त्यातलं सगळं फिसकटून जाई. एरवी मी तिकडे लक्षही दिलं नसतं. उजवा आरसा ठीक होता, मागून येणारे धानाचे ट्रक त्यात दिसत. पण डाव्या आरशात मला ट्रक पाहायचे नव्हते. सासूचे डोळे पाहायचे होते. ते उघडे आहेत की मिटलेले, एवढंच.

सासूला मी लग्नापासून मामी म्हणतो. बायको ही त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे सासरे गेल्यावर त्या आमच्याकडेच राहायला आल्या. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा त्यांना ब्रह्मपुरीला डायलिसिससाठी न्यावं लागतं. मी तिथल्याच एका राइस मिलमध्ये हिशेब पाहतो, म्हणून हे काम आपसूक माझ्याकडे आलं. सकाळी मामींना दवाखान्यात सोडायचं, मिलमध्ये जायचं, दुपारी परत घ्यायचं. त्या मशीनवरून सुटतात तोवर आमच्या बाजूची बस निघून गेलेली असते. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की सुई टोचलेला हात चेंगरतो. राहिली मोटरसायकल.

जाताना काही त्रास नसे. येताना त्या पिळून टाकलेल्या कपड्यासारख्या असत. गाडीवर वारा लागला की झोप येई. त्यात रस्त्यात जंगलाचा पट्टा आहे, दोन्ही बाजूंना साग आणि वाघाच्या पाट्या. तिथं सावलीत शिरलं की गार लागतं आणि मामींची मान हमखास खाली जाते. त्या पट्ट्यात गाडी थांबवून बसावं अशी ती जागा नाही.

मामी लुगडं नेसतात, म्हणून एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसतात, तोंड डावीकडे. अशा बसण्यात डावा हात मागच्या कडीला धरायचा असतो आणि उजवा पुढच्या माणसाला. डायलिसिसची नस ऑपरेशन करून त्यांच्या डाव्या हातात केली आहे. त्या हातानं जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. उजवा हात मोकळा आणि मजबूत, पण त्याच्यासमोर जावई. जावयाच्या अंगाला हात लावायचा नाही, हे मामींचं पक्कं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला नाही, समोर ठेवला आणि मागं सरल्या. तेव्हा उजवा हात त्या सीटवर टेकवून बसत. म्हणजे जो हात धरायला चालत नव्हता तो धरत होता, आणि जो चालत होता तो धरत नव्हता.

एकदा गतिरोधकावर त्या घसरल्या. गाडी जवळजवळ थांबलेली होती म्हणून पायांवर उतरल्या, नाहीतर तोंडावरच गेल्या असत्या.

"झोप लागली काय मामी?" मी विचारलं.

"मी कुठी झोपलो जी? डोये मिटले होते नुसते."

घरी बायकोनं त्यांना झापलं. "काऊन नाई धरत तू त्याहीले? पडशीन एखाद दिवशी आन् हाडं मोडशीन."

"जवायाच्या अंगाले हात लावू का आता या वयात?"

"लाव ना. कोण पाहून राह्यलं?"

"सारं गाव पाह्यते."

त्यावर बायको माझ्याकडे वळली. "तुम्हीच काही बोलत जा ना जी रस्त्यानं. घुम्यासारखे गाडी चालवता, तिले झोप नाई येईन तर काय होईन?"

म्हणून मी बोलायला लागलो. जावयानं सासूशी अर्धा तास काय बोलावं हा प्रश्नच होता. मी मिलमध्ये किती पोती आली, तांदळाचा उतारा काय पडला, तुटक्या दाण्यांची कनकी किती निघाली हे सांगे. मागून दर वाक्याला "हूं" येई. मला बरं वाटलं. "हूं" येतंय म्हणजे जाग आहे, असा माझा हिशेब.

तो हिशेब चुकीचा होता. मामींच्या घरी रात्री कहाण्या सांगायची रीत होती. सासरे सांगत, आणि ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणारा रुसे. दिवसभर धानाची रोवणी करून आलेली ही बाई वर्षानुवर्षं झोपेत हुंकार देत आलेली. हे मला एकदा जंगलाच्या तोंडाशी कळलं. मी सांगत होतो, आज साठ पोती आली.

"हूं."

मला कसलीशी शंका आली. "आज मिलच्या छपरावर म्हैस चढली."

"हूं."

"तिनं वरूनच दूध दिलं."

"हूं."

मी गाडी कडेला घेतली. मामींचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर कहाणी ऐकणाऱ्याचं समाधान.

त्या दिवशी मी डावा आरसा आत वळवला. तो आत वळवला की त्यात त्यांचा चेहरा बरोबर येई. गावातल्या पानठेल्यावर ते लगेच कोणाच्या तरी लक्षात आलं. "काय भाऊ, सासू पाहाले आरसा फिरवला काय? आमची बायको मांगं बसते तरी आमी नाई पाहत." मी हसलो. दमलेल्या माणसाला हसणं सोपं पडतं, उत्तर देणं जड जातं.

पण आरसा थरथरत होता. चेहरा दिसे, डोळ्यांच्या जागी दोन काळे फराटे दिसत. ते उघडे की मिटलेले, काही कळेना. तिसाच्या आत चालवलं तर दिसे, पण मग प्रवास लांबे आणि त्या जास्त पेंगत. पन्नासच्या वर त्यांना घेऊन मी जाणार नव्हतो.

मी आधी आरशाचा नट कसला. फरक नाही. सायकलच्या ट्यूबची चकती कापून मध्ये घातली. थरथर थोडी मऊ झाली, गेली नाही. नवा आरसा आणला, तोही थरथरला. मेकॅनिककडे गेलो, त्यानं इंजिनाचे बोल्ट आवळले आणि म्हणाला, "भाऊ, गाडीचं वय झालं. थरथरणारच." बोल्टांनी पायाला लागणारे झटके कमी झाले. आरसा होता तसाच.

मग एका बाजाराच्या दिवशी मी एकटाच येत होतो. दोडक्यांची पिशवी हँडलला लावायला जागा नव्हती म्हणून आरशाच्या दांडीत अडकवली. चाळिसाच्या वेगात सहज पाहिलं तर आरसा स्थिर. माझं स्वतःचं कोपर त्यात दिसत होतं, शर्टाच्या शिलाईसकट. पिशवी काढली की थरथर, लावली की शांत. मी रस्त्यात दोनदा थांबून खात्री केली. दोष कसण्यात नव्हता, वजनात होता. आरसा त्या वेगाला नेमका डोलायचा, जड केला की डोलणं खालच्या वेगावर ढकललं जायचं.

दोडके लावून रोज फिरता येत नाही. घरी लोखंडी वायसर होते, नटाखाली घालायच्या चकत्या. काच काढून आरशाच्या पाठीत पुट्टीनं चार बसवले, रात्रभर वाळू दिले. सकाळी पाहिलं तर थरथर तिसाच्या खाली गेली होती. तिकडे मला काही काम नव्हतं.

त्या दिवशी परतताना कितीतरी आठवड्यांनी मी मामींचा चेहरा नीट पाहिला. डोळ्यांखाली सूज, ओठ कोरडे, कपाळावरचं गोंदण. डोळे उघडे होते आणि ते आरशातून सरळ माझ्याकडे पाहत होते. आरसा स्थिर झाल्यावर मीही त्यांना दिसणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माह्याकडे कायले पाहून राह्यले जी जवाईबापू?"

"जाग्या आहात का ते पाहतो."

"रस्ता पाहा ना. सासूचं तोंड पाहत कोणी गाडी चालवते का?"

आणि त्यांनी पदर कपाळावरून पुढे ओढला, नाकापर्यंत. वाऱ्यानं तो उडायला लागला तसा उजव्या हातानं हनुवटीखाली धरून ठेवला. आतापर्यंत तो हात निदान सीटला टेकलेला होता. आता तोही सुटला. मी इतके दिवस खटपट करून आरसा दुरुस्त केला होता आणि त्यात मला स्वच्छ, स्थिर, हिरवा पदर दिसत होता.

जंगलाच्या अलीकडे एक प्रवासी निवारा आहे, सिमेंटचा बाक आणि वर पत्रा. तिथं मी गाडी थांबवली. राग आला होता, पण रागवायलाही जीव लागतो. मी आरसा बाहेर, रस्त्याकडे वळवला.

"हे पाहा मामी, आता मला तुम्ही दिसत नाही. पण मग तुम्ही मागं आहात की पडलात, हे मला कसं कळावं?"

मामी उतरल्या. बाकावर बसून आरशाकडे पाहत राहिल्या.

"पडलो तर पडलो," शेवटी म्हणाल्या. "तुमची तरी सुटका होईन."

"माझी होईल. तुमच्या पोरीला काय सांगू?"

त्यावर त्यांनी पदर मागं घेतला. मग म्हणाल्या, "तुमचा दुपट्टा द्या."

उन्हासाठी गळ्यात दुपट्टा असतोच. मी काढायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. "काढू नका. तसाच बांधा, आडवा. एक पदर मांगं सोडा."

मी तो एका खांद्यावरून काखेखाली घेऊन छातीवर गाठ मारली. मागं सुटलेलं टोक त्यांनी उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन मुठीत धरलं. माझ्या अंगाला त्यांचं बोटही लागत नव्हतं. त्यांच्या हिशेबात ते बसत होतं आणि माझ्याही.

तेव्हापासून तसंच चाललं आहे. त्या जाग्या असल्या की खांद्यावर एकसारखा ताण असतो, जनावराच्या दाव्यासारखा. डोळा लागायला लागला की मूठ सैल पडते, ताण जातो, आणि मग लगेच एक हिसका येतो, कारण मान खाली जाऊन त्या दचकतात. तो हिसका आला की आरशात पाहायची गरज राहत नाही. आरसा आता रस्त्यालाच लावलेला आहे. वायसर काढायचे राहून गेले.

निवाऱ्यापर्यंत ताण कधी टिकतो, कधी टिकत नाही. टिकला नाही तर मी तिथं थांबतो. अलीकडे बहुधा थांबावंच लागतं. आधी मी घरी पोचायची वेळ धरून चालायचो, आता धरत नाही. झोप जंगलाच्या अलीकडे झालेली बरी. मामी बाकावर भिंतीला टेकून झोपतात, तोंड उघडं, पदर खाली. समोरून धानाचे ट्रॅक्टर जातात. एखादा ओळखीचा हात करतो, "चला भाऊ," आणि मी मान हलवतो.

दुपट्ट्याचे वेढे मात्र त्या झोपेतही सोडत नाहीत. दुसरं टोक माझ्या छातीशी बांधलेलं. उठून गाडीपर्यंतही जाता येत नाही, पाण्याची बाटली डिकीत राहते. एकदा मी हळूच गाठ सोडायला गेलो.

"हूं," मामी म्हणाल्या.

जाग्या होत्या की झोपेत, ते कळलं नाही. मी गाठ तशीच ठेवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, दुपट्टा पुरेल तेवढ्या अंतरावर बसून राहिलो.