दसऱ्याला अडकलेला अंगठा

कंपनीत मशिन बंद पडलं की मी आधी सगळ्यांना गप्प करतो. कुणाचं चुकलं हे नंतर. आधी लोड काढायचा, हातानं फिरवून बघायचं, मग खोलायचं आणि मग तोंड उघडायचं. नगरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सची नोकरी मी याच शिस्तीवर टिकवली आहे. घरी मात्र मी आधी तोंड उघडलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचा उजवा पंजा चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला. ते डाव्या हातानं जेवायला, सदऱ्याची बटणं लावायला, दूध काढायलासुद्धा शिकले. अडलं ते दसऱ्याला. राहुरीजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी सगळे मारुतीच्या पारावर जमतात आणि एकमेकांच्या हातात आपट्याचं पान, म्हणजे सोनं देतात. पहिल्या वर्षी वडिलांनी डावा हात पुढं केला, तर भावकीतला एक जण म्हणाला, "डाव्या हातानं सोनं देतो व्हय रं?" लोक हसले. वडीलही हसले, आणि त्यानंतर दोन दसरे ते घराबाहेर पडले नाहीत.

म्हणून मी हात करायला घेतला. मित्राच्या थ्री-डी प्रिंटरवर बोटं छापून घेतली, मनगटाच्या वरच्या भागात खेळण्यातल्या रोबोला असतात तसल्या पाच सर्वो मोटरी बसवल्या. काड्यापेटीपेक्षा लहान एकेक मोटर. ती फिरली की मासे धरायच्या गळाची दोरी ओढली जाते आणि बोट मिटतं. काखेत एक बटण, तिथं दाब दिला की पंजा बंद. अष्टमीला मी रजा टाकून गावी आलो आणि वडिलांच्या हाताला ते चढवलं. त्यांनी ताटातलं एक आपट्याचं पान चिमटीत उचललं आणि आईच्या हातावर ठेवलं. आई पदरानं डोळे पुसत आत गेली.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला व्हिडिओ काढायचा होता. पान उचललेलं काय दिसणार व्हिडिओत? मी पाण्यानं भरलेला तांब्या त्या हातात दिला. तो उचलला गेला, जरा टिकलाही. मग अंगठा थरथरला तसा मी पटकन काढून घेतला. व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि हात खोक्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक अवजार धुऊन पूजेला मांडतात. विळा, खुरपी, पाना, शिलाई मशिन, आणि त्यांच्याच रांगेत आईनं तो हात ठेवला. त्याच्या अंगठ्याला हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल.

दसऱ्याला दुपारी हात चढवला. चार बोटं मिटली, अंगठा अर्ध्यावर अडकला. मोटर घुंई करत राहिली आणि बघता बघता तापली. मी दोरी सोडवली, मोटरवरची दांडी बोटानं फिरवून पाहिली. प्रत्येक वेळी एकाच जागी अडत होती. एकाच जागी अडणं म्हणजे आतल्या दातेरी चकतीचा दाता तुटलेला, हे कंपनीत मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण अंगठ्यावर कुंकू दिसत होतं आणि माझं तोंड सुटलं.

"हे काय विळा-कोयता आहे का धुवायला? गेलं ना पाणी आत! दादांचा दसरा घालवलास तू!"

"म्या पानी न्हाई लावलं रं," आई म्हणाली. "ह्यांनीच सांगितलं हुतं, करंटचं हाय म्हनून. निसतं कोरडं फडकं फिरवलं."

"मग कुंकू गेलं असेल आत."

वडिलांनी हात काढून माझ्यापुढं ठेवला. "ऱ्हाऊ दे. तिला नगं बोलू," एवढंच म्हणाले. सुटी मोटर मी आणलीच नव्हती. दुसऱ्यांना स्पेअर ठेवायला शिकवणारा मी! संध्याकाळी पारावर मी एकटाच गेलो. वडील आत बसून राहिले. आई चुलीपाशी होती, आणि सणाचं जेवण कुणालाच गेलं नाही.

दिवाळीच्या आधी ती मोटर मी नगरला खोलली. चार स्क्रू, झाकण, आत नायलॉनच्या चकत्या. पांढरं ग्रीस जसंच्या तसं. पाण्याचा डाग नाही, कुंकवाचा कण नाही. एका चकतीचा दाता मुळातून तुटलेला आणि तो तुकडा शेजारच्या चकतीत रुतलेला. असा दाता तुटतो तो वजनानं. मी व्हिडिओ पुन्हा लावला. तांब्या उचलल्यावर 'कट्' असा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याच्यावर मी "बघा, बघा" म्हणत हसतो आहे.

नवी मोटर बसवली. आईला सांगितलं नाही. फोनवर काय सांगायचं, दिवाळीला समोर बसून सांगू, म्हटलं. दिवाळीला पाहुणे होते. मग राहिलंच. मला स्वतःची लाज वाटत होती, हे खरं कारण.

पुढच्या खंडेनवमीला आईनं सगळी अवजारं मांडली. मी खोकं घेऊन गेलो आणि म्हणालो, "याचीही कर ना पूजा."

ती दोन पावलं मागं सरली. हातातली कुंकवाची कोयरी तिनं पदराआड घेतली.

"नगं बाबा. माझा हात लागला की बिघडतंय ते. मी हितूनच हात जोडते."

आणि तिनं जोडले. वडील ओसरीवरून माझ्याकडे बघत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "बरं."