अमानत घेतली, झोप गेली

एक सांगा मला. परगावी निघालात, दाराला कुलूप लावलंत, तर किल्ली कुणाकडे ठेवता? सख्ख्या भावाकडे? शेजाऱ्याकडे? की कुणाचाच भरवसा नाही म्हणून खिशातच? सावकाश सांगा. तासगावात चहाच्या टपरीवर मी हाच प्रश्न विचारला, तर दोन मेहुण्यांत बोलाचाली झाली आणि चहाचे पैसे मला द्यावे लागले!

आमच्या बेदाण्याच्या धंद्यात किस्से असेच साठतात. माल चाळायला घेतला की चाळणीखाली काड्या पडतात, देठ पडतात, खडे पडतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, पण सांजेला बघावं तर ढीग. लोक तो झाडून टाकतात. मी बागवान, आमची जात निवडून बघणारी. माझ्या ढिगात एकाच शब्दाचे किस्से फार निघाले. घरी आम्ही त्याला अमानत म्हणतो. मराठीत येताना अक्षरांनी जागा बदलल्या आणि अनामत झाला. दुसऱ्याची वस्तू, जशी घेतली तशी परत द्यायची. झालं, एवढाच शब्द!

पण त्याचं नाव काढलं की अजून माझी झोप उडते. का, ते आधीच सांगून टाकतो.

माझ्या पिकअपवर बशीर नावाचा ड्रायव्हर होता. विजापूरकडचा. लॉकडाऊनमध्ये एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच माणूस गेला. सरहद्दीवर गाड्या अडवलेल्या. गावाकडे न्यायची वाट नाही. त्याच्या आईला, हुसेनबींना, मीच फोन लावला. म्हातारी रडली नाही. म्हणाली, "अमानत करके रखो, बेटा. रस्ता खुला की मैं आके ले जाती."

आमच्यात ही रीत आहे. मयत परक्या गावात दफन करायची वेळ आली, तर मातीला सांगायचं की ही अमानत आहे, अमुक मुदतीपर्यंत जशीच्या तशी सांभाळ, मग वारस येऊन नेईल. सांगणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. मौलवी म्हणाले, किताबात याला फारसा आधार नाही, पण आईचं मन आहे, बोला. कोण बोलणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या वडिलांच्या कबरीशेजारी जागा होती. मी मूठभर माती टाकली आणि बोललो, "ही हुसेनबींची अमानत. रस्ता खुला होईपर्यंत."

रस्ता खुला झाला. हुसेनबी आल्या नाहीत.

*

आता सुभेदारांचं ऐका. हे फलटणकडचे, फौजेतून रिटायर होऊन आमच्या कोल्ड स्टोअरेजवर पहाऱ्याला आले. पहिल्यांदा उत्तरेत पोस्टिंग झालं, तेव्हा स्टेशनवर गाडी चुकली. तिथे हिंदीत पाटी होती, 'अमानती सामान घर'. ट्रंक जमा केली, पावती घेतली आणि स्वारी त्याच दारात बसून राहिली. पुढची गाडी येईपर्यंत ना चहा, ना लघवी!

आतला बाबू वैतागला. "अरे भाई, सामान तो मेरे पास है, तुम क्यों बैठे हो?"

सुभेदार म्हणाले, "सामानावर तुमी हाय. तुमच्यावर कोन हाय?"

सुभेदारांनी हे सांगितलं, तेव्हा टपरी हसली. मी हसलो नाही. मला कबरस्तानाचं फाटक आठवलं. त्याला कडीसुद्धा नव्हती.

*

राजकोटचे एक खरेदीदार आमच्याकडे येतात, जिग्नेशभाई. त्यांच्या मुलीचं कॉलेज ठरत होतं आणि टपरीवर उभं राहून ते फोनवर सारखे "अनामत, अनामत" करत होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "भाई, कसली अनामत ठेवली?"

"ठेवली नाय हो! आमच्या गुजरातीत अनामत म्हणजे आरक्षण!"

 कप जिथल्या तिथे थांबले. मग चहावाला हळूच म्हणाला, "शेठ, तुमी आपला बेदान्याचा भाव बोला. ह्या इषयावर हितं कालच दोन कप फुटल्यात!"

*

मेढ्याला माझे एक दोस्त आहेत, मधाचे व्यापारी. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते निवडणुकीला उभे राहिले. अनामत जप्त झाली. सांत्वनाला मी गेलो, तर वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "आवं भावजी, ह्यास्नी सोताचं ठिवल्यालं माघारी आनता आलं न्हाई, आन् गावाचं सांभाळाय निघालं हुतं!"

दोस्त मान खाली घालून चपाती चघळत होते. मीही मान खाली घातली. ठेवलेलं माघारी येत नाही, हे वाक्य मला मेढ्याहून तासगावपर्यंत पुरलं.

*

तोवर मी हुसेनबींना अनेकदा फोन केला होता. कधी गुडघा, कधी पाऊस, कधी नुसतं "आती, बेटा, आती." आमच्यातले जाणते म्हणायला लागले, "मुदत संपली बागवान. आता माती मोकळी आहे."

मोकळी म्हणजे काय, ते कुणी उलगडून सांगेना. मला वाटायचं, उद्या म्हातारी आली, तिच्यासमोर कबर खोदली, आणि मातीने आपला हात दाखवला तर? शब्द तर माझा होता. मालात खोट निघाली तर बदलून देता येतो. हे काय बदलून देणार?

*

त्याच दिवसांत मल्लाप्पा टपरीवर आला. आमच्या हमालाचा भाऊ, सरहद्दीपलीकडे एका कचेरीत शिपाई. तोंड सुकलेलं. बाकावर बसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अमानतु माडिद्रु."

मी दचकून उभाच राहिलो! कोण गेलं?

त्याच्या भावाने सांगितलं, कोण गेलं नाही, साहेबाशी वाद झाला म्हणून नोकरीवरून सस्पेंड केलंय. कानडीत त्याला अमानतु म्हणतात. ना घरी, ना कचेरीत, चौकशी होईपर्यंत मध्येच लटकत.

सुभेदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग रडतूस कशाला गड्या? सरकारनं तुला जपून ठिवलंय!"

मल्लाप्पा म्हणाला, "साहेब, ठिवनाऱ्याला काय? लटकतो त्येला इचारा की!"

खरं सांगतो, तेव्हा मला बशीर पहिल्यांदा तसा दिसला. ना इथला, ना तिथला. चौकशी होईपर्यंत.

*

शेवटी मी सांगलीला उर्दूच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गेलो. बाजारात जसं विचारतो तसंच विचारलं, "मास्तर, या शब्दाचं मूळ गाव कोणतं?"

मास्तर खुलले. म्हणाले, अरबी. मोठं घराणं आहे. ईमान त्यातलंच, अमन त्यातलाच, दुवा संपताना आपण आमीन म्हणतो तोही याच घरचा. जमीन मोजायला अमीन यायचा, तो भाऊबंदच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली बोलतात, तिथे ठेवीला अमाना म्हणतात आणि शांततेला अमानी. "आणि सगळ्यांच्या मुळाशी अर्थ काय, माहीत आहे? भीती नसणं! निर्धास्त होणं!"

मी म्हणालो, "मास्तर, अख्ख्या घराण्यात भीती नाही. मग माझ्याच वाट्याला ही कुठून आली?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुम्ही घेणारे. निर्धास्त होतो तो ठेवणारा!"

*

पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला आणि कबरस्तानाची मागची भिंत खचली. मी गोडाऊन उघडं टाकून पळालो. बेदाण्याचे रिकामे क्रेट टेम्पोत भरले, वर ताडपत्री टाकली. सुभेदार टोपी काढून चिखलात उतरले. आम्ही बशीरच्या भोवती क्रेट रचले, त्यांत माती भरली, वर ताडपत्री बांधली.

फाटकाशी माणसं जमली. कुणीतरी ओरडलंच, "बघा, बागवानांनी कबरीलाबी पॅकिंग केलं! माल भिजू नये म्हनून!"

सुभेदार वळून म्हणाले, "गप ए! तुज्या बापाला ठिवलं आसतं, तर आला आसतास का क्रेट घिऊन?"

पाणी क्रेटला लागलं आणि थांबलं. बशीरच्या बाजूला माझे वडील होते. त्यांच्याकडे क्रेट लावायचं मला सुचलंच नाही. त्यांची कबर अर्धी खचली. वर्षभर मी त्या बाजूला नजर वळवली नाही.

*

आणि मग, बेदाणा वाळायच्या दिवसांत, हुसेनबी आल्या. लाल एसटीतून उतरल्या, बरोबर जावई, हातात कफनाच्या पांढऱ्या कापडाची घडी. माझ्या घरी पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. "पहले बशीर."

कबरस्तानात मौलवी होते, सुभेदार होते, खोदणारा कुदळ टेकून उभा होता.  एवढे सौदे केले, पण गिऱ्हाईक माल बघायला आल्यावर असा घाम कधी फुटला नव्हता.

म्हातारी दोन्ही कबरींमध्ये बसली. क्रेटच्या आडोशाची बशीरची शाबूत कबर बघितली, मग शेजारची खचलेली बघितली. "ये कौन?"

"माझे अब्बा."

 म्हातारी खचलेल्या बाजूवरून हात फिरवत राहिली. जावयाने खोदणाऱ्याला खूण केली. त्याने कुदळ उचलली. माझे डोळे आपोआप मिटले.

"ठहरो," म्हातारी म्हणाली.

कुदळ वरच्या वर थांबली.

"रस्ता तो कब का खुला था, बेटा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मेरे कू डर लगता था. आऊंगी तो खोलना पडेगा. खोलेंगे तो देखना पडेगा."

तिने पांढऱ्या कापडाची घडी मोडली आणि ते माझ्या वडिलांच्या खचलेल्या कबरीवर पसरलं. कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. जावई म्हणाला, "अम्मी, गाडी ठरवलीय." तिने ऐकलं नाही.

सवयीचा व्यापारी मी. तोंडातून निघूनच गेलं, "अम्मा, मग आता मुदत काय धरायची?"

हुसेनबींनी बशीरच्या मातीवर, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा तळवा ठेवला. मला वाटलं, उत्तर मला देतील. पण त्या मातीकडेच वाकल्या आणि हळू आवाजात, शेजारणीला सांगावं तसं म्हणाल्या:

"मैं खुद तेरे पास आने तक रख. पन सुन गे, दोनों का हिसाब सच्चा रखना."