बुजवलेले झरोके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी साधी दाढ दुखली तरी दहादा सांगतो.

जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. निजामाच्या काळातल्या एका कचेरीच्या चौकावर काचेचं छत घालायचं होतं. देखरेखीला मी – नव्या नोकरीची मिजास अंगात. मिस्त्री हट्टा गावचा गंगाराम. गरम हवा निघून जावी म्हणून छताखाली चारी बाजूंनी त्यानं झरोके ठेवले होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिथून कबुतरं शिरली, पाहुण्यांच्या खुर्च्या घाण केल्या. मी वैतागून म्हणालो, बुजवून टाक सगळे. तोंडीच. मिस्त्रीनं कधी साहेबाकडे कागद मागायचा असतो का? तो एवढंच म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात तकलीफ व्हईल." नंतर उघडू, मी म्हणालो. आणि विसरलो. इतकं साधं आहे ते.

वैशाखात त्या काचेखाली सातबाऱ्यासाठी ताटकळलेली एक म्हातारी कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. चौकशी लागली. मी लिहून दिलं – झरोके मिस्त्रीनं परस्पर बुजवले. खाली सही केली. गंगारामला जिल्ह्यात कुणी काम देईना. माझं टेबल मात्र त्याच चौकात, त्याच काचेखाली. झरोके पुढे उघडले, तरी मला तिथे श्वास पुरायचा नाही. पण उठून जाणार कुठे?

आणि तरी – सांगायचं आहे ते हे नाहीच.

दोनेक वर्षांनी गंगाराम आला. पार वाळला होता. भांडेल म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. तो उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, सगळे म्हणतेत तूच बुजवले. इतक्यांदा ऐकलं की मलाच समजंना झालंय. तुमी सांगितलं व्हतं, का मी मनानंच केलं?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. खरं काय ते आता फक्त मला ठाऊक होतं – आणि आसपास कुणी नव्हतं, कुठली चौकशी नव्हती, मला भ्यायचं काही कारणच नव्हतं.

"तू मनानंच केलंस, गंगाराम," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "बरं झालं सांगितलं. उगं तुमच्यावर वहीम घेऊन राहिलो व्हतो."

मग तो माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.