खंडेनवमीच्या पाटावरच्या दोन डिस्क

माझे साडू गाड्या दुरुस्त करायचे आणि मी भंगार घ्यायचो. ठाण्यात बाळकुमला त्यांचं गॅरेज होतं, कल्याणला माझी वखार. बायकोच्या माहेरचं कुठलंही कार्य असो, मी मांडवात पाऊल टाकलं की ते ओरडायचे, "या, भंगारशेठ!" माणसं हसायची. मीही हसायचो, पण विसरत नव्हतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सेकंडहँड गाडी घेतली. दाखवायला नेली तर म्हणाले, "साडूभाऊ, चालवायला घेतलीत की कापून विकायला?"

काही महिन्यांनी ब्रेक दाबला की पुढून खरखर यायला लागली. मी वखारीतच पुढची दोन्ही चाकं उतरवून आत बघितलं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. पॅड झिजतात तशी थाळीही झिजते. माझ्या थाळ्यांवर खोल चरे पडले होते. पॅड जिथवर पोचत नाही तिथे बाहेरच्या काठाला उंचवटा राहिला होता, त्यावर नख अडत होतं. आतलं लोखंड किती गेलं ते त्या उंचवट्यावरून कळतं. आयुष्य जुन्या लोखंडावर काढलेल्या माणसाला ते कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. आपला माल दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर त्यावर खूण करायची. मी पंच आणि हातोडी घेतली आणि दोन्ही डिस्कच्या काठावर तीन-तीन ठिपके मारले. मग चाकं चढवून गाडी हळूहळू बाळकुमला नेली.

"नवीन जोडी टाका," मी साडूंना म्हणालो. "एकच बदलली तर गाडी एका अंगाला ओढेल. आणि जुना माल मला परत हवा."

"घरच्या माणसावर भरवसा नाही वाटतं?"

"भरवसा आहे. पण लोखंड माझं आहे."

मग भावावरून घासाघीस झाली. ती मी कुणाशीही करतो, साडूंनाच काय म्हणून सोडू? बायको माझी बाही ओढत होती. शेवटी ते हात झटकून म्हणाले, "चला, तुमचंच खरं."

संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेलं गाठोडं हातात दिलं. मी सुतळी सोडायला लागलो, तशी बायको दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, ताईच्या दारात उभं राहून तपासणार?"

साडूंची बायको म्हणजे तिची थोरली ताई. आई ती लहान असतानाच गेली. तिच्या वेण्या घातल्या ताईने, तिला शाळेत सोडलं ताईने, आमच्या लग्नात ढसाढसा रडलीही ताईच. मी गाठोडं न सोडता डिकीत टाकलं. चाकाच्या भोकांतून आतली थाळी चकचकीत दिसत होती. तेवढ्यावर गप्प बसलो.

पुढे मुलीला बाळंतपणासाठी आणायला आम्ही तिच्या सासरी खडवलीला गेलो. येताना दुर्गाडीचा पूल उतरत होतो. पुढे गोणी लादलेली हातगाडी होती. मी ब्रेक दाबला. पायाखालचं पेडल थरथरलं, स्टिअरिंग हातात नाचायला लागलं आणि गाडी थांबेचना. सगळा भार पायावर टाकला तेव्हा कुठे थांबली, आणि तीही बंपर गोणीला टेकल्यावर. हातगाडीवाल्याने मला दिलेल्या शिव्या रास्त होत्या. मागे मुलगी दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.

"बाबा, काकांनी नवीन ब्रेक घातलेत ना?"

घरी पोचल्या पोचल्या चाक काढलं. डिस्कच्या काठावर माझे तीन ठिपके होते. दुसऱ्या बाजूलाही तेच. साडूंनी माझ्याच थाळ्या लेथवर तासून परत बसवल्या होत्या. तोंड तासलं गेलं, काठ तसाच राहिला. आधीच झिजलेलं लोखंड तासून आणखी पातळ झालं, आणि पातळ थाळी तापली की वाकते. पायाखाली थरथरलं ते हेच. गाठोडं सोडलं तर आत भलत्याच गाडीच्या डिस्क होत्या. भंगारवाल्याला त्यांनी भंगार देऊन फसवलं होतं!

नवी जोडी मी स्वतः कल्याणातून आणली आणि स्वतः बसवली. पॅड धरणारा कॅलिपर सोडून तारेने वर टांगला, म्हणजे त्याच्या रबरी नळीवर ताण येत नाही. जुनी डिस्क लाकडी हातोडीने ठोकून सुटी केली, आतला गंज घासला, नव्या डिस्कवरचं तेल पेट्रोलने पुसलं आणि पॅडही नवे घातले. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहिलो. एकेक नट आवळताना कुठे जायचं आणि काय बोलायचं ते ठरत होतं.

खंडेनवमी चार दिवसांवर होती. त्या दिवशी साडू गॅरेज धुऊन काढायचे, पाटावर नट आवळायचे पाने, जॅक, हातोड्या मांडून पूजा करायचे, आणि सगळी गिऱ्हाइकं प्रसादाला यायची.

बायकोने ओळखलं. "घरी बोलवून काय बोलायचं ते बोला. चारचौघांत नको. ताई माझी एकच आहे."

"भंगारशेठ चारचौघांतच म्हणतात ना?"

ती बरोबर आली, बहुधा मला आवरायला. गॅरेज भरलेलं होतं. मी पुढे गेलो आणि त्या दोन डिस्क झेंडूशेजारी पाटावर ठेवल्या.

"हे काय, साडूभाऊ?"

"तुमचीच कारागिरी. हिच्यावरही फूल वाहा. माझी पोटुशी पोरगी हिच्यावर बसून पूल उतरली."

मग ठिपके कुठले, ते मी मोठ्याने सांगितलं. साडूंनी डिस्क उचलली, काठ बघितला आणि खाली ठेवली. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी हललो नाही.

"तुम्ही भाव एवढा कापलात," ते शेवटी म्हणाले, "म्हणून मी लोखंड कापलं."

"मग नाही म्हणायचं होतं. मी दुसरीकडे गेलो असतो."

एका गिऱ्हाइकाने प्रसादाचा द्रोण खाली ठेवून साडूंना विचारलं, "शेठ, माझ्या गाडीच्या डिस्क तुम्हीच बदलल्यात ना? जरा चाक काढून दाखवा बघू."

ते वाक्य मला अजूनही गोड लागतं.

ताई आतून आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. बहिणीला म्हणाल्या, "तुला माहीत होतं, आणि तू यांना इथे येऊ दिलंस?"

आम्ही परत निघालो. दुर्गाडीच्या पुलावर मी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. "बघितलंस?" मी म्हणालो. बायको खाडीकडे बघत होती.

नातवाच्या बारशाला ताई आल्या नाहीत. पाळण्याची दोरी धरायला बायकोने त्यांची जागा बराच वेळ रिकामी ठेवली होती. मला वाईट वाटलं, पण ते तिच्यासाठी. साडूंकडे मी आजही तसाच गेलो असतो.

त्या डिस्क मी उचलून आणल्या होत्या. दर खंडेनवमीला वखारीतल्या पाटावर काटा, वजनं आणि हातोडीच्या बरोबरीने त्या मांडतो. बायको पूजेला येते, सगळ्यांवर हळदकुंकू घालते, आणि त्या दोघींपाशी आली की करंडा माझ्यापुढे सरकवते. तिथे मी घालतो.