मामांची उलटतपासणी

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, अहमदपूरच्या दिवाणी न्यायालयात माझ्या मोठ्या मामांची उलटतपासणी झाली. मामा निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. मृत्युपत्रावर मामांनी साक्षीदार म्हणून सही केल्याशिवाय अहमदपुरात माणसाला मरता येत नाही, असं गावात बोललं जातं.

साक्षीला जाताना मामा स्वतःचं पेन आणि स्वतःचं पाणी नेत. ज्याच्या मृत्युपत्रावर सही करायची त्याच्या घरचा चहाही घेत नसत. "चहा पिला की साक्ष पातळ होती," असं त्यांचं मत. किनवटला एका नातलगाकडे पुरणपोळीचं ताट तसंच सोडून ते स्टँडवर जाऊन शेंगदाणे खात बसले. नातलग वर्षभर बोलले नाहीत. ज्याच्या कागदावर सही केली त्याच्या तेराव्याला ते जात नसत, कारण वारस जेवण सोडून मामांचा चेहरा वाचत बसतात. एका वारसाने तर महिनाभर त्यांची भाजीची पिशवी उचलली. मामांनी त्याला फक्त भाजीचे भाव सांगितले.

मंगळवारचा खटला मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्याच्या मृत्युपत्राचा होता. राहतं घर त्यांनी मुलीला दिलं होतं. ती नवऱ्याने टाकलेली. वडिलांचं शेवटपर्यंत तिनेच केलं. नांदेडला नोकरी करणाऱ्या मुलाचं म्हणणं, सही वडिलांची नाही. दुसरा साक्षीदार वारला होता. मामांची साक्ष टिकली नसती, तर घराचे दोन वाटे होऊन ते विकलं गेलं असतं.

मुलाच्या वकिलांनी विचारलं, "गुरुजी, अडत्यांनी सही केली ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली?"

"न्हाई."

मुलीच्या वकिलांनी लिहिणं थांबवलं.

"तुम्ही तर खोलीतच होता."

"होतो की. पण भिंतीकडं तोंड केलतं. म्हातारपणी हात कापतो, माणसाला लाज वाटती. सही करताना कुणाकडं बघू न्हाई. मी आजवर कुणाचीच बघितली न्हाई."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मुलगी खाली बघत होती. "झालं," तिचा भाऊ शेजाऱ्याला म्हणाला. मुलाचे वकील प्रश्न संपल्याचं सांगून बसले.

न्यायाधीशांनी विचारलं, "मग सही त्यांचीच, हे तुम्हाला कसं कळलं?"

मामांनी चष्मा काढून पुसला.

"इचारलं की, साहेब. पाठ फिरवणाऱ्यानं इचारावंच लागतंय. त्यांनी कागद माझ्या हातात दिला अन् म्हणले, 'गुरुजी, ही माझी सही हाय. माझ्या पोरीला घरातून कुणी उठवू न्हाई.' मग त्यांच्या देखत मी माझी केली."

न्यायाधीशांनी हे शब्द जसेच्या तसे टंकलेखकाला सांगितले. सही करणाऱ्याने स्वतः 'ही माझी सही' असं साक्षीदाराला सांगितलं, तरी कायद्याला ते चालतं.

दोन महिन्यांनी निकाल मुलीच्या बाजूने लागला. मुलाने अपील केल्याची माहिती अद्याप नाही.

त्यानंतर दोघे जण आपापली मृत्युपत्रं घेऊन मामांकडे आले. पुढे कोर्टात भानगड नको, म्हणून सही होताना साक्षीदाराने बघितलंच पाहिजे, असं त्यांच्या वकिलांनी त्यांना बजावलं होतं.

"आता बघावं लागतंय म्हणं," मामा मला म्हणाले. "या वयात कुणाकुणाचा कापता हात बघत बसू?"

दोघांनीही दुसरे साक्षीदार घेतले.